बूट कंपनीचा, सुखतळा आपला

सरावलीत माणूस काय करतो हे विचारावं लागत नाही, पायांकडे पाहिलं की पुरतं. सकाळी तारापूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या सायकली, रिक्षा आणि पायी निघालेल्यांची रांग यांत काळे, जड, पुढून फुगीर बूट ठायी ठायी दिसतात. हे सेफ्टी शूज. संध्याकाळी तेच बूट परततात तेव्हा चालीवरून कामही ओळखता येतं. दिवसभर मशीनपाशी उभा असलेला टाचा घासत येतो. शिड्या चढउतार केलेला बोटं जपत येतो. ऑफिसात बसणारा तेवढा तरातरा येतो, आणि बूट चावतात म्हणून तक्रारही तोच जास्त करतो.

या बुटाच्या शौर्याबद्दल शंका नाही. आयएस १५२९८ या मानकातल्या सेफ्टी बुटाची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं शाबूत. पण वरून काय पडेल याची एवढी काळजी वाहणाऱ्या बुटात पायाखाली काय असतं? बहुतेकदा फोमची एक पातळ पट्टी. काही महिन्यांत ती दबून पापड होते. मग आठ तास काँक्रीटवर उभं राहायचं ते आपल्या हिमतीवर.

इथून सुखतळ्याचा शोध सुरू होतो. बोईसरच्या बाजारात जेलचे, ईव्हीएचे, फोमचे असे नाना प्रकार मिळतात. अंगठ्यानं दाबून सगळ्यात मऊ असेल तो उचलायचा, ही आपली सार्वत्रिक परीक्षा. पण अंगठ्याला जे सुख वाटतं ते टाचेला दुपारपर्यंतच पुरतं. अतिमऊ सुखतळा वजनाखाली चपटा होतो आणि पाय आत डुलत राहतो. टाच घट्ट धरणारा, कमानीखाली भरीव आणि किंचित कडक वाटणारा असेल, तोच रात्रपाळीला साथ देतो.

आपली कमान कशी आहे ते पाहायला डॉक्टरच लागतो असं नाही. ओला पाय वर्तमानपत्रावर ठेवायचा. सगळा तळवा उमटला तर कमान बसकी, मधे नुसती चिंचोळी पट्टी उमटली किंवा काहीच उमटलं नाही तर उंच. अंदाजापुरतं एवढं पुष्कळ. दुखणं हटत नसेल तर मात्र डॉक्टर गाठावा.

बसवण्याचंही शास्त्र आहे. जुना सुखतळा निघत असेल तर आधी काढायचा. त्याच्यावरच नवा चढवला की पाय वर उचलला जातो, टाच बुटातून निसटू लागते आणि बोटं लोखंडी टोपीला टेकतात. जुना नव्यावर ठेवून पेननं आखायचं आणि कापायचं ते फक्त बोटांकडून, तेही कातरणभर. कापलेलं परत जोडता येत नाही. हात थरथरत असेल तर नाक्यावरच्या गटई कामगाराकडे द्यावं. त्याची रापी एका फिरतीत जे करते ते आपल्या कात्रीला अर्ध्या तासात जमत नाही. मग कामावरचेच मोजे घालून, संध्याकाळी पाय सुजलेले असताना, दोन्ही पायांत घालून पाहायचं. आपले दोन पाय एका मापाचे असतातच असं नाही, जुळ्या भावांच्या स्वभावासारखं.

गुलमर्गच्या उतारावर पायाला फळी बांधून घसरणाऱ्या हौशी मंडळींचंही दुखणं हेच. टाच बुटात उचलली गेली की फळी ऐकत नाही, म्हणून तेही सुखतळे बदलत बसतात. फरक इतकाच, की ते पैसे मोजून घसरतात आणि आपल्याला पगारात घसरून चालत नाही.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. भिजलेल्या बुटात कागदाचे बोळे कोंबायचे आणि सुखतळे काढून सावलीत वाळवायचे. आमच्याकडे एकाच दोरीवर सुखतळे आणि शेजारी उन्हाळ्यातून उरलेले बोंबील असा योग आला की वासाच्या बाबतीत कुणी माघार घेत नाही.

एका ठिकाणी मात्र विनोद नको. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लांटमध्ये अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरावी म्हणून खास बूट देतात. त्यांत बाजारातला सुखतळा सरकवला तर ती वाट अडू शकते. तिथे सेफ्टी ऑफिसरला विचारल्याशिवाय काहीही घालू नये.

कंपन्यांना एवढंच सांगणं आहे, की बुटांची ऑर्डर देताना नंबर विचारता, तसा वर्षातून एखादा जास्तीचा सुखतळाही मागवा. वीस किलोचं वजन पायावर कधी पडेल, न पडेल. स्वतःचं साठ-सत्तर किलोचं वजन तर तो पाय रोज पेलतो आहे.