सामंत कोण करणार?

अभिनय शिकायला येणाऱ्या मुलांना रडायची भारी घाई असते. नाव-गाव सांगायच्या आधीच सांगतात, “सर, मला रडता येतं.” कुणी ग्लिसरीनशिवाय रडतो, कुणी मोबाइलवर रडतानाचा व्हिडिओच घेऊन येतो. एका मुलीनं तर “कुठल्या डोळ्यानं हवंय?” असं विचारलं होतं. मिस्त्री टाइल्सचा रंग विचारतो ना, अगदी त्याच सुरात. मी घाबरून “आज नको” म्हणालो.

शनिवार-रविवारी पुण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी हे वर्ग घेतो. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आवडीचा उतारा करून दाखवायचा अशी पद्धत आहे. निम्मी मुलगे मंडळी ‘नटसम्राट’ आणतात. वय एकोणीस, केसांवर टाल्कम पावडर, कंबर वाकलेली आणि दर वाक्याआड खोकला. शिरवाडकरांच्या आप्पा बेलवलकरांना दमा नव्हता, पण ही मुलं तो देतात. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा ते 43 वर्षांचे होते, असं मी सांगतो. त्यावर एकानं मनातल्या मनात हिशेब केला. “म्हणजे मला अजून चोवीस वर्षं थांबायचंय?” असं म्हणून पुढच्या शनिवारी तो सखाराम बाइंडर घेऊन आला. पावडर तेवढी पुसली होती, खोकला तसाच होता.

दुसरा छंद म्हणजे पात्राचं पूर्वचरित्र. के. नारायण काळ्यांनी स्तानिस्लावस्कीला ‘अभिनयसाधना’मधून मराठीत आणलं, त्यालाही आता जमाना झाला. पुस्तक फारसं कुणी वाचत नाही, पण त्याचा धाक मात्र प्रत्येकाला. त्या धाकापोटी मुलं वह्याच्या वह्या भरतात. पात्राची जन्मरास, आवडती भाजी, तिसरीत असताना चावलेलं कुत्रं. वही वाचली की वाटतं, हिला भूमिका कशाला द्यायची, हिचं स्थळच बघावं.

“छान. आता या प्रवेशात तिला समोरच्याकडून काय पाहिजे?”

“ते नाही लिहिलं, सर.”

सगळी गोची इथेच आहे. तिसरीतलं कुत्रं नटाच्या मदतीला रंगमंचावर येत नाही. तिथं येतो समोरचा नट, आणि त्याच्याकडून आपल्याला काहीतरी हवं असतं. उसने पैसे, माफी, किल्ली, नाहीतर नुसतं “बस ना जरा” एवढं तरी. ते मागावं, तो देत नाही म्हणून दुसऱ्या वाटेनं मागावं, मग तिसऱ्या. या मागण्यातच माणूस कळत जातो. प्रवेश बसवायचा तो एवढ्यासाठी. पण मुलांना विचारावं, “तू इथं काय करतोयस?” तर उत्तर येतं, “मी दुःखी आहे.” अरे, दुःखी अख्खं पुणं आहे. दुःखी होऊन तू तिच्याकडून काय काढून घेणार आहेस, ते सांग!

आणि पॉज. पॉजबद्दल बोलायलाच हवं. तेंडुलकरांच्या संहितेत कंसात ‘स्तब्धता’ दिसली की आमच्या मुलांना गावच्या देवळात आल्यासारखं वाटतं, तिथून हलतच नाहीत. एकदा दोघांनी नवरा-बायकोच्या भांडणात असा काही पॉज घेतला की शाळेच्या वॉचमनला वाटलं तालीम संपली. त्यानं दिवे घालवले. अंधारातून नवऱ्याचा आवाज आला, “सर, हे ठेवायचं का?”

असो. यंदा तुकडीसाठी मी तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले प्रवेश घेतले. अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली 1967 साली ‘रंगायन’नं ते केलं, आणि सुलभा देशपांड्यांची लीला बेणारे मराठी रंगभूमीवर कायमची कोरली गेली. तेव्हापासून अभिनय शिकणाऱ्या तमाम मुलींना बेणारेच हवी असते. त्यातही तिचं शेवटचं लांबलचक स्वगत. आधीचं नाटक नसलं तरी चालेल. मुलगे सुखात्मे वकील मागतात, कारण त्याला ओरडता येतं. कुणी पोंक्षे, कुणी काशीकर. बाळू रोकडेलासुद्धा गिऱ्हाईक मिळतं.

“सामंत कोण करणार?”

हॉलमधल्या सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या एकदम सुटल्या. खाली वाकलेल्या डोक्यांमध्ये एकच डोकं वर राहिलं, कारण तो मुलगा चपला घालून आला होता. औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करणारा हा मुलगा. झाला सामंत.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईहून एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. आरोपी कोण, तर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन, आणि मामला अण्वस्त्रांचा. या मंडळींना हॉल उघडून देणारा गावातला साधा माणूस म्हणजे सामंत. हातात एक हिरवा कापडी पोपट, घरातल्या लहान मुलासाठी घेतलेला. दुपारी वेळ घालवायला म्हणून बेणारेवरच खोटा खटला सुरू होतो. एक साक्षीदार कमी पडतो, म्हणून सामंतला उभं करतात. त्याला कोर्टातलं काहीच ठाऊक नाही. पण पाहुण्यांची अडचण होऊ नये, म्हणून तो हाताशी असलेल्या कादंबरीतली वाक्यं साक्ष म्हणून ठोकून देतो. नाटकात बेणारेशी सगळ्यात चांगला वागणारा माणूस हाच. आणि त्याची साक्ष नेमकी तिच्या गळ्याशी येते.

आमच्या मुलानं पहिल्या तालमीला सामंत आणला तो थेट ‘गावचा’. गावचा म्हणजे भोळा, भोळा म्हणजे तोंड उघडं, मान तिरकी आणि कुठल्याच तालुक्यात न सापडणारी बोली. तो स्वतः नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, घरी कुणी असं बोलत नाही. विचारलं तर म्हणाला, “सर, गावचा वाटायला नको?”

मी त्याला पहिल्याच प्रवेशावर आणलं. बेणारेचं बोट दाराच्या कडीत चेमटलंय, ते तोंडात धरून ती आत येते. सामंत तिला समजावतो की ही कडी नाठाळ आहे, जरा बाहेर राहिली आणि दार ओढलं की माणूस आत कोंडला गेलाच. नाटककारानं पुढच्या सगळ्या घटनेचं बी इथं पेरलंय, पण ते सामंतला माहीत नाही. त्याला फक्त बाईंचं पुन्हा लागू नये असं वाटतंय.

“दुकानात म्हातारी आजी आली आणि गोळ्या कशा घ्यायच्या विचारलं, तर काय करतोस?”

त्याचं तोंड मिटलं. मान सरळ झाली. काउंटरवरून वाकावं तसा तो थोडा पुढे झाला. “हे बघा, ही सकाळी, जेवण झाल्यावर. दुधाबरोबर नाही हं. आणि ही रात्री, अर्धीच.” बोलताना बोटानं हवेत गोळी मोडून अर्धी बाजूला ठेवली. “कळलं ना? परत सांगू?”

“आता कडीचं सांग.”

त्यानं कडीचं सांगितलं. कडी अशी सरकवायची, इतकीच, याच्या पुढे नाही. परत सांगू का? बेणारे करणारी मुलगी बोट तोंडात धरून खरोखर ऐकत राहिली. पुढचं वाक्य आपलं आहे हे ती विसरली आणि मीही विसरलो. पूर्वचरित्राचं एक पान न लिहिता सामंत हॉलमध्ये उभा होता. मात्र पुढच्या तालमीला तो पुन्हा तोंड उघडं ठेवून आला. शिकवणाऱ्यानं एकदा जमलं म्हणून खूश होऊ नये. तरी हळूहळू तोंड मिटत गेलं.

आमचं नशीब असं की हॉलच्या बाजूच्या दारालाही तसलीच कडी निघाली. दार जोरात आपटलं की बाहेरून आपोआप बसायची. तेंडुलकरांची कडी फुकटात मिळाल्याच्या आनंदात आम्ही प्रवेश खऱ्या दाराशीच बसवला. दुसऱ्या अंकाच्या अखेरीला बेणारे निघून जायला दाराकडे धावते, ओढते, दार उघडत नाही. सोडवायला बाहेर वॉचमन स्टुलावर बसवला.

सादरीकरणाला आईवडील आले, आत्या आल्या, औषधाच्या दुकानाचे मालकही आले. सगळं मनासारखं चाललं होतं. बेणारे पर्स घेऊन दाराशी धावली, तिनं जीव खाऊन कडी ओढली, आणि दार सताड उघडलं. समोर लख्ख उजेडात वॉचमन पेपर वाचत होता. त्यानं वर बघून विचारलं, “झालं का?”

मागून कळलं की तालमीत त्या कडीत बेणारेचं बोट रोज चेमटायचं. सामंतला ते बघवेना. त्यानं आदल्या संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर आणि खोबरेल तेल आणून कडी सरळ केली होती. कुणाला सांगितलं नाही, उगाच उपकार कशाला दाखवायचे.

दार उघडं, बेणारे उंबऱ्यावर. बाहेर गेली तर नाटकच संपलं, आणि आत यायला कारण नाही. सुखात्मे वकिलांनी नेहमीप्रमाणे पॉज घेतला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सामंत उठला. संहितेत तिथं त्याला काहीही काम नाही. “बाई, थांबा हं,” म्हणत तो लगबगीनं गेला, त्यानं वॉचमनच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली. “इकडनं वारं येतं. तुम्ही बसा ना.” तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली, रुमालानं पुसलीसुद्धा. आणि आपण दाराला पाठ लावून, हसतमुखानं, तिथंच उभा राहिला.

तिला बसावंच लागलं. पुढच्या रांगेतल्या आत्या “अगं बाई” म्हणाल्या.

पडदा नव्हताच, दिवे घालवले. अंधार पुरता व्हायच्या आत बेणारे माझ्यासमोर उभी.

“सर, ह्यानं माझा सगळा प्रवेश खाल्ला!”

“अगं, मी मदतच करत होतो,” सामंत म्हणाला. “बोट दुखतंय का अजून?”