टॉवर सीमधला बंडखोर

शुक्रवार आला की नोएडात दोन गोष्टी घडतात. एक, अर्धं ऑफिस घरून काम करतं, म्हणजे करत नाही. दोन, जगभरातले नवे अल्बम येतात. पूर्वी ब्रिटनमध्ये नवी रेकॉर्ड सोमवारी निघायची, अमेरिकेत मंगळवारी. २०१५च्या जुलैपासून साऱ्या जगाने शुक्रवार धरला. बंडखोरीला वार लावून देणारा हा एकमेव धंदा असावा. आणि आम्ही रॉकवाले बंडखोर तरी कसे? गुरुवारी रात्री १२चा गजर लावतो, घरच्यांना ‘अमेरिकेचा कॉल आहे’ असं सांगतो आणि हेडफोन घालून बाल्कनीत उभे राहतो. बाहेर नीरव शांतता. म्हणजे समोरच्या प्लॉटवर फक्त एकच क्रेन चालू.

आता या नव्या अल्बमांत नवं काय असतं ते बघा. २०२०मध्ये एसी/डीसीचा ‘पॉवर अप’ आला. बँडचा गिटारवाला अँगस यंग तेव्हा ६५ वर्षांचा, पोशाख शाळेच्या गणवेशाचा, अर्ध्या चड्डीसकट. २०२३मध्ये मेटालिकाने ‘७२ सीझन्स’ काढला. ७२ ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं, त्या वयाच्या जखमा वगैरे. ७७ मिनिटांचा हा कोवळा आक्रोश करणारे गृहस्थ साठीला टेकलेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला. त्यांनी स्वतःची नवी गाणी घेऊन अख्खा अल्बम काढायला १८ वर्षं घेतली होती. मिक जॅगर ८० पूर्ण. आणि गाण्यांत अजून तो कुणावर तरी चिडलेलाच.

आमच्या आजोबांच्या पिढीला आम्ही या एका गोष्टीवरून भरपूर हसलो. बालगंधर्व उतारवयातही भामिनी व्हायचे, शरीर सुटलेलं, गळा थकलेला, आणि समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना मात्र १९११ची ‘मानापमान’मधली ती पहिली भामिनीच दिसायची. डोळे मिटून माना डोलवायचे, वन्स मोअर द्यायचे. आम्ही म्हणायचो, काय ही अंधभक्ती! आता आम्ही स्वतः फोनच्या पडद्यावर ८० वर्षांचा जॅगर कंबर हलवताना बघतो आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘आवाज काय लागलाय!’ फरक इतकाच की आजोबा तिकीट काढून नाटकाला जात. आमचं तिकीट महिन्याच्या महिन्याला कार्डातून आपोआप कापलं जातं.

नव्या अल्बमवरचा आमचा अभिप्रायही ठरलेला. ‘गेल्या ३० वर्षांतला त्यांचा सर्वोत्तम.’ मागच्या अल्बमला हेच म्हटलं होतं, त्याच्या मागच्यालाही. हा अभिप्राय ग्रुपवर टाकायचा, आणि लगेच १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावायचा. नव्याची दुसरी फेरी सहसा होत नाही. रॉकवाल्याला नवी रेकॉर्ड हवी असते ती ऐकायला नव्हे. जुनी किती थोर होती, याचा ताजा पुरावा त्याला लागतो.

पण मला खरी गंमत वाटते ती गावाची. न्यायाने हेवी मेटल नोएडात जन्मायला हवं होतं. ते जन्मलं ते बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा पोरगा कामाच्या शेवटच्या दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गमावून बसला. डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबायच्या त्याच हाताची. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, पुढे तारा सैल करून सूर खाली आणला, आणि त्यातून ब्लॅक सॅबथचा तो जड, काळाकुट्ट आवाज आला. नोएडाकडे काय कमी होतं? हे गाव १९७६च्या एप्रिलमध्ये, ऐन आणीबाणीत, औद्योगिक वसाहत म्हणूनच मांडलेलं. कारखाने आहेत, धूर आहे, काँक्रीट आहे, हप्ते थकलेले लोक आहेत, पैसे भरून ताबा न मिळालेले तर ढिगाने आहेत. २०२२च्या ऑगस्टमध्ये सेक्टर ९३ए मधले जुळे मनोरे पाडले, तेव्हा ३७०० किलो स्फोटकं लागली आणि कुतुबमिनारापेक्षा उंच इमारती ९ सेकंदांत खाली बसल्या. असा ड्रम सोलो बर्मिंगहॅमच्या बापजन्मी झाला नसेल.

आणि या सगळ्यातून आम्ही काय काढलं? टी-सीरिज. दर्यागंजातल्या रसाच्या दुकानातून आलेल्या गुलशन कुमारांनी कॅसेटचा पसारा मांडला तो नोएडात. जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेतली, भजनं घराघरात पोचवली, कॅसेट पानपट्टीवर विकली. २०१९मध्ये त्यांचं यूट्यूब चॅनल जगात सर्वाधिक सदस्य असलेलं चॅनल झालं, आणि बरीच वर्षं तसंच राहिलं. थोडक्यात, आकड्यांच्या हिशेबाने काही काळ जगाच्या संगीताची राजधानी आमच्या सेक्टर १६एच्या फिल्मसिटीत होती, माझ्या घरापासून मेट्रोने काही स्टेशनांवर. मी मात्र त्या स्टेशनावरून रोज, कानात नॉर्वेचा बँड घालून, खिन्नपणे जातो.

खिन्नतेवरून आठवलं. द क्युअर या बँडइतकं उदास संगीत पृथ्वीवर फार कमी लोकांनी केलंय. १६ वर्षं काही न काढता बसल्यावर त्यांनी ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ काढला, तारीख १ नोव्हेंबर २०२४. म्हणजे दिल्ली-नोएडात लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. खिडकीबाहेर टॉवर डी गायब, सूर्य विझलेल्या बल्बासारखा, घशात फटाक्यांची चव. पहिल्या गाण्यात रॉबर्ट स्मिथ तोंड उघडायलाच तीन मिनिटांहून जास्त घेतो. तोवर नुसतं संथ, जड वाद्य. एरवी मला ही प्रस्तावना लांबली असं वाटलं असतं. त्या सकाळी वाटलं, बरोबर आहे, या हवेत तोंड कशाला उघडा. मुखपृष्ठावरचं दगडी शिल्पसुद्धा राखाडी. मार्केटिंगवाल्यांनी हा अल्बम खास आमच्या सेक्टर ७६साठी बेतला असता तरी इतका जमला नसता.

आणि एक गुपित सांगतो, बाहेर बोलू नका. नोएडात सूक्ष्म संगीत ऐकायचा उत्तम मोसम म्हणजे प्रदूषणाचा. हवा अतिगंभीर झाली की ग्रॅपचे, म्हणजे सरकारी प्रदूषण-आराखड्याचे, वरचे टप्पे लागतात, बांधकामं बंद होतात. क्रेन थांबते, मार्बल कापणारं कटर थांबतं, वरच्या मजल्यावरचं तीन वर्षं चाललेलं नूतनीकरण थांबतं. त्या नोव्हेंबरात १८ तारखेला चौथा टप्पा लागला आणि २२ला ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला. बासरीचे बारीक तुकडेसुद्धा ऐकू आले. हवा जितकी वाईट, तितकी बेसगिटार स्वच्छ. फुप्फुसं की कान, निवडा.

लोकांचा समज असा की मेटल म्हणजे गोंगाट. शेजारचे काका मला लिफ्टमध्ये काळ्या टी-शर्टात बघतात आणि विचारतात, ‘बेटा, ये चिल्लाने वाला म्यूज़िक सुनके सिर में दर्द नहीं होता?’ काकांच्या घरी दर वर्षी जागरण होतं. पहाटेपर्यंत. स्पीकरचं तोंड माझ्या बेडरूमकडे. कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हवा, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हे मला पाठ आहे, काकांनाही पाठ आहे, चौकीतल्या साहेबांनाही पाठ आहे. इतकं सार्वत्रिक पाठांतर दुसऱ्या कुठल्या नियमाचं नसेल. माझ्या हेडफोनमधून मात्र आजवर एक ठोकासुद्धा भिंतीपलीकडे गेलेला नाही. या सोसायटीत सर्वात शांत घर मेटलवाल्याचं आहे, आणि तक्रारवहीत ‘अजीब संगीत’ म्हणून नाव त्याचंच आहे.

२०२५च्या जुलैत ५ तारखेला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कमध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न याने सिंहासनावर बसून शेवटचं गाऊन घेतलं आणि २२ला तो गेला. भारतात बातमी पोचली तेव्हा मध्यरात्र होती. दुसऱ्या दिवशी इकडची श्रावणातली शिवरात्र, म्हणजे कावड यात्रेचा कळस. डीजेचे ट्रक निघालेले, स्पीकरची भिंत दुमजली, खिडकीची तावदानं थरथरतायत, पाण्याच्या ग्लासात वर्तुळं. मी ‘पॅरानॉइड’ लावला. ऐकूच आला नाही. सैतानाचा मित्र म्हणून पन्नास वर्षं बदनाम झालेला माणूस गेला त्या रात्री मेरठच्या साउंडवाल्याने त्याला बेसमध्ये चारी मुंड्या चीत केलं. मला वाटतं ऑझीने दाद दिली असती. आवाजाच्या बाबतीत तो दिलदार होता.

कुणी म्हणेल, एवढे संगीतवेडे आहात तर प्रत्यक्ष कार्यक्रमाला जा. आमच्या भागाचा त्याबाबतीतला इतिहास उज्ज्वल आहे. २८ ऑक्टोबर २०११, शुक्रवारच, गुडगावच्या लीझर व्हॅलीत मेटालिका येणार होती. भारतात पहिल्यांदा. माणसं देशभरातून रेल्वेने आली, आत जाऊन उभी राहिली, आणि सुरक्षेच्या कारणावरून कार्यक्रम पुढे ढकलल्याचं सांगण्यात आलं. मग पब्लिकने स्टेज फोडलं. आयोजकांपैकी चौघांना अटक झाली, कार्यक्रम रद्दच झाला. दोन दिवसांनी बंगळूरूने तोच बँड पॅलेस ग्राउंड्सवर शिस्तीत ऐकला. त्याच रविवारी आमच्या ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, व्हेटेल जिंकला, आणि रात्रीच्या पार्टीत लेडी गागा गायली. सारांश, रॉकच्या वाट्याला तुटलेले कठडे आणि पॉपच्या वाट्याला शॅम्पेन. तरीही त्या शुक्रवारकडे मी आदराने बघतो. उत्तर भारतातल्या रॉक श्रोत्यांनी केलेला तो एकमेव उठाव, आणि त्यातली मागणी होती रिफंड.

एनसीआरचा रॉकवाला मुळात हिशेबी माणूस. त्याची मान हेडबँगिंगमुळे नव्हे, एक्सेल शीटमुळे गेलेली असते. २०२५च्या मार्चात स्टीव्हन विल्सनचा ‘दि ओव्हरव्ह्यू’ आला तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिली चर्चा ही, की सुमारे ४२ मिनिटांत गाणी फक्त दोन, मग सेक्टर ५२ला ब्लू लाइन पकडली तर पहिलं गाणं संपेपर्यंत आपण यमुना ओलांडतो का. अंतराळातून पृथ्वी किती क्षुद्र दिसते, असा अल्बमचा विषय. चर्चा राजीव चौकात जागा मिळेल का यावर संपली.

त्याच ब्लू लाइनवर पुढे करोल बाग लागतं. तिथल्या एका जुन्या घरात इंडियन ओशन बँडने वर्षानुवर्षं तालमी केल्या. त्यांच्या ‘कंदिसा’ला २०२५मध्ये २५ वर्षं झाली, बेसवाला राहुल राम कॉर्नेलमध्ये डॉक्टरेट केलेला, नर्मदा आंदोलनात राहून आलेला. यांच्या गाण्यात खरोखरच काहीतरी पणाला लागलेलं होतं. आमच्या ग्रुपवर त्यांचा विषय निघाला की उत्तर येतं, ‘हां, कॉलेजात ऐकायचो.’

आणि ब्लडीवूड. हा मेटल बँड अस्सल दिल्लीचा, ढोल, बासरी, हिंदी-पंजाबी-इंग्रजी सगळं एका पातेल्यात. २०१९ला जर्मनीत वाकेन महोत्सवात वाजवून आले, २०२२ला जपानच्या फुजी रॉकमध्ये. त्याच वर्षी ‘रक्षक’ आला, २०२५च्या मार्चमध्ये ‘नु दिल्ली’. यमुनेपलीकडच्या या पोरांचा पत्ता आम्हाला कसा लागला? एका परदेशी यूट्यूबरने त्यांचा व्हिडिओ बघत तोंडाचा आ वासला, त्यावरून. ढोल आमच्या कानाशी रोज वाजतो, वरातीत, जागरणात, मराठी मंडळाच्या गणपतीत. पण त्याला संगीत म्हणायला गोऱ्या माणसाचा जबडा पडावा लागला. ‘नु दिल्ली’वरचा आमच्या ग्रुपचा अभिप्राय: ‘ठीक आहे, पण पहिल्या अल्बमची मजा नाही.’ म्हणजे बँड थोर झाला म्हणायचा. जॅगरच्या पंक्तीत बसला.

यंदा ३१ डिसेंबरला आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने ‘रॉक नाइट’ ठरवली आहे. ‘आप म्यूज़िक वाले हैं’ म्हणून मला समितीत घेतलंय आणि एक्स्टेंशन बोर्डांची जबाबदारी दिली आहे. गायक ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आणि ‘समर ऑफ ६९’ गाणार, हे बैठक सुरू व्हायच्या आधीच ठरलं होतं. काल परिपत्रक निघालं. खरा ड्रमसेट आणायचा असल्यास असोसिएशनची एनओसी लागेल, टॉवर सी आणि डीच्या सर्व रहिवाशांच्या सह्या लागतील, आणि वाजवणं रात्री ९:३०पर्यंतच. ९:३०नंतर डीजे आहे. त्याला एनओसी लागत नाही.