टर्बोचा वकील

सोलापूर जिल्ह्यात जुन्या डोझरनं काळा धूर सोडला आणि लोड घेईना, की निकाल जागेवर लागतो : टर्बो गेला. निकाल देणाऱ्यांत ऑपरेटर असतो, शेततळ्याची खोदाई बघायला आलेले चुलते असतात, शेजारच्या रानातला ट्रॅक्टरवाला असतो आणि पुण्याहून सुट्टीला आलेला एक भाचा असतो. भाच्यानं मोबाइलवर टर्बोची किंमतसुद्धा काढून ठेवलेली असते. एवढं सगळं उरकल्यावर टर्बो-मिस्त्रीला फोन जातो. म्हणजे शिक्षा सुनावून झाल्यावर वकील.

हे मिस्त्री अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या आसपास पत्र्याच्या शेडमध्ये आढळतात. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. खांद्यावर सोलापुरी टॉवेल, तोही विणताना धागा सुटल्यामुळं मागं काढलेल्या मालातला. खिशात बॅटरी आणि हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्यानं त्यांनी कधी स्क्रू फिरवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं ऐकतात. मे महिन्याच्या ४३ अंशांत साइटवर पोचले, तरी आधी मशीनकडं बघायचं नाही हा त्यांचा नेम. लिंबाखाली बसायचं, पाणी प्यायचं, चहा घ्यायचा आणि मालकाला बोलू द्यायचं.

मालकाला बोलायचं असतंच. डोझर असतो बीईएमएलचा डी-८०. भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी १९६४ सालची. जपानच्या कोमात्सूशी करार करून तिनं हे डोझर कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात बनवले. त्यातला आपल्या वाट्याला आलेला डोझर कुठल्यातरी लिलावातून तिसऱ्या हातानं आलेला असला, तरी तो उजनी धरणाच्या कामावर होता, असं मालक छातीला हात लावून सांगतात. धरण १९८० साली पुरं झालं. जिल्ह्यातल्या सगळ्या मालकांचं खरं धरलं, तर त्या काळात भीमेच्या पात्रात पाण्यापेक्षा डोझरच जास्त असावेत.

"ते ऱ्हाऊ द्या ओ मालक," मिस्त्री म्हणतात, "धूर कवा येतोय? उभ्याला का लोडला?"

इथून उलटतपासणी सुरू होते. ऑपरेटरला "चालू कर बे" म्हणून मिस्त्री मशीनकडं पाठ करून उभे राहतात. डोळे फसवतात, कान फसवत नाहीत, असं त्यांचं मत. तपासायचा धूर मागं आकाशात चाललेला असतो आणि मिस्त्री समोर उसाकडं बघत असतात. मग सावकाश वळतात. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण हवा अपुरी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, नाहीतर आत शिरलेलं पाणी. एवढं शेजारचा ट्रॅक्टरवालाही सांगतो. पण हवा अपुरी का, हे विचारायच्या आत तो टर्बोला फासावर चढवतो आणि मिस्त्रींचा राग आहे तो इथंच.

टर्बोचं काम तसं साधं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. फुकट जाणाऱ्या धुराला असं कामाला लावायची कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं. मिस्त्रींनी हे नाव ऐकलेलं नाही, पण अशिलाची बाजू त्यांना तोंडपाठ आहे : "त्याला हवा मिळंल तर तो देईल की ओ. नाक दाबून पळायला लावलं तर तुमी तरी पळशीला का?"

म्हणून तपास नाकापासून. एअर क्लीनर उघडला की हेल्पर हळूच पाण्याची कळशी भरायला निघतो. मिस्त्री त्याला तिथंच थांबवतात. फिल्टर कशानं झाडतोस? चेनवर आपटून. कागदाच्या घड्या दबलेल्या, कड वाकलेली. तिथून गेलेली धूळ टर्बोच्या पंख्याची पाती कुरतडते. साखर कारखान्याच्या यार्डात बगॅस ढकलणारा डोझर असेल, तर फिल्टरवर भुश्याचा असा थर असतो, की ऑपरेटर त्याला कंपनीचं अस्तर समजत आलेला असतो.

पुढं टर्बोपासून इंजिनापर्यंतचा होज. साबणाचं पाणी शिंपडून इंजिन रेस केलं, की ढिल्या क्लॅम्पपाशी फुगे येतात. मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काजळीचा फराटा दिसला, तर धूर टर्बोला फिरवायच्या आधीच वाटेत निसटतोय. हे सगळं झाल्यावर, इंजिन बंद आणि थंड असताना, मिस्त्री आरोपीला हात लावतात. दांडा दोन बोटांत धरून हलवतात. भाचा ओरडतो, "हलतोय!" मिस्त्री त्याच्याकडं कनवाळूपणे बघतात. दांडा ऑइलच्या थरावर तरंगतो. बाजूला जरासा हलणारच. पुढं-मागं जाणवण्याइतका सरकला किंवा पंखा घराला घासला, तर काळजी करायची.

निळा धूर असला तरी ते अशील सोडत नाहीत. क्रँककेसचा ब्रीदर तुंबलाय का बघा. टर्बोतून ऑइल परत जायची नळी वाकलीय का बघा. ऑइलला उतरायला वाट नसेल, तर ते पंख्याकडंच जाणार. आणि कधी टर्बो खरोखरच निकामी निघाला, तर ते ऑपरेटरकडं वळतात. दिवसभर लोडवर तापलेलं इंजिन, जेवणाची हाक आली की हा फाडदिशी बंद करतो. ऑइल थांबतं, टर्बो लाल, आतलं ऑइल करपून कोळसा. तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवायला काय होतं? ऑपरेटर म्हणतो, भाकरी गार होती. त्यावर मिस्त्रींकडंही उत्तर नसतं.

सहसा मात्र फिल्टर बदलून, क्लॅम्प आवळून धूर निवळतो. खरं संकट पुढं उभं राहतं, ते फीचं. नव्या टर्बोचे पैसे मालक मुकाट्यानं मोजणार होते. टर्बो चांगला आहे हे ऐकायचे पैसे द्यायला ते तयार नसतात. "क्लॅम्प आवळायचे एवढे?" शिवाय डोझर कारखान्याचा असेल, तर 'क्लॅम्प आवळला' असं लिहिलेलं बिल अकाउंटंट पास करत नाही.

मिस्त्रींनी यावर तोड काढली आहे. टर्बो खोलून पोत्यावर मांडायचा, मालकांच्या हातानं पंखा फिरवून दाखवायचा, पुसून परत बसवायचा. सगळ्यांचं समाधान होतं आणि बिलावर 'टर्बो दुरुस्ती' असं ठसठशीत लिहिता येतं. त्यामुळं रानात कितीही खटले जिंकले, तरी बिलबुकाप्रमाणे मिस्त्रींनी आजवर एकही टर्बो निर्दोष सोडलेला नाही.