वहिनींचा सीपीयू

अहो, ऐकलंत का? नाही, परवा हळदीकुंकवाला तुम्ही आला नाहीत ना, तरीच. जरा इकडे भिंतीशी या. ती कुंडी असू दे तिथेच, दिसताय तुम्ही मला. फक्त हळू बोला, वहिनींच्या गॅलरीचं दार उघडं आहे.

तर बी विंगमधल्या आपल्या वहिनी… हो त्याच, वाण देताना ‘जड आहे बरं का, नीट धरा’ म्हणणाऱ्या. त्यांनी ऑक्टोबरात नवा लॅपटॉप घेतला हे तर कॉलनीतल्या मांजरांनासुद्धा माहितीये. 14 ऑक्टोबरला ते विंडोज टेन संपलं ना, तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला एकच. ‘आमच्या जुन्यावर इलेव्हन चढतच नाही, काय करणार!’ आता ते काही खोटं नव्हतं म्हणा. 2012 सालचा तो सीपीयू, थर्ड जनरेशनचा. इलेव्हनला म्हणे आठवी जनरेशन तरी लागते. पण वहिनींचा खरा राग वेगळाच होता. तो मेला सारखा घोंघावायचा आणि काम अर्ध्यावर आलं की आपोआप बंद पडायचा. रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, मदरबोर्ड गेला. झालं! दिवाळीच्या आवराआवरीत सीपीयू, कीबोर्ड, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर. दोनशे रुपये मिळाले. त्यातही ‘माऊसचे वेगळे दे’ म्हणून घासाघीस. मी ऐकलंय ना, मी तिथेच कोथिंबीर घेत होते.

आणि आता खरी गंमत. आपल्या तळमजल्यावरच्या ताईंची मुलगी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते ती, तिने जानेवारीत एक सेकंडहँड सीपीयू आणला. सी विंगमध्ये लगेच पसरलं की जुन्या बाजारातून रविवारी उचलून आणला. मी म्हटलं, अहो मंगळवार पेठेपर्यंत कशाला जाईल ती? नाक्यावरच्या भंगाराच्या दुकानातूनच आणलाय, सातशे रुपयांना. मला कसं माहिती ते विचारू नका.

ताईंनी तो उंबऱ्याच्या आत घेऊ दिला नाही. आणि मी म्हणते बरोबर केलं! काय ते ध्यान होतं… काळा की चॉकलेटी तेच कळेना. जाळीवर चिकट थर, वास सिगरेटचा आणि उंदराचा मिळून. थोडा हलवला तर आतून दोन झुरळं बाहेर. ताई किंचाळल्या. लेक म्हणते, ‘आई, बरंच आहे, म्हणजे पॉवर सप्लाय गरम व्हायचा. त्यांना ऊब लागते.’ ऊब! ताईंनी झुरळाचा स्प्रे आणला तर तोही हातातून काढून घेतला. आत मारायचा नाही, बोर्डावर चिकट बसतो. रात्रभर गच्चीवर ठेवला, पोत्यात बांधून.

तर काय सांगत होते… हां, गच्ची. मी आपली सहज वर गेले होते. वाळवण नव्हतं, पण गच्ची आपल्या सगळ्यांची आहे ना? तर ही पोर स्कार्फ बांधून, तो करोनातला मास्क लावून बसलेली. मी जवळ गेले तर म्हणते, ‘काकू, नायलॉनची साडी नेसून जवळ येऊ नका.’ मला! अहो, मी तशीच मागे फिरले. मग खाली येऊन नेसले कॉटनची आणि पुन्हा वर गेले, काय करणार. कोरड्या थंडीत साडीतून जो चटका बसतो ना, तेवढ्याने म्हणे आतली चिप मरू शकते. ती स्वतः दर थोड्या वेळाने पत्र्याला हात लावत होती, अंगातली वीज उतरवायला.

झाकण उघडलं मात्र… पंख्याच्या मागे त्या अल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीची गोधडी! सबंध ओढून काढली तिने, चिमटीत धरून. म्हणाली, ‘मदरबोर्ड गेला म्हणतात ना, तो हाच.’ मला आधी कळेना. मग तिने समजावलं. हवा जायला जागाच नाही, खालची चिप तापते, पंखा जीव तोडून फिरतो म्हणून घोंघावतो, आणि शेवटी चिप जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. म्हणजे ते मेलं नव्हतं हो, जीव वाचवत होतं.

ब्लोअर आणला होता एसीवाल्याकडून मागून. पण पंख्यावर मारताना पात्यांमध्ये टूथब्रशची दांडी अडकवून ठेवली. का, तर मोकळा सोडला तर भलत्याच वेगाने फिरतो, बेअरिंग जातं आणि उलटी वीज तयार होऊन बोर्डात शिरू शकते. मग कोपऱ्या-कोपऱ्यांतून रंगाचा एक इंची ब्रश. नवा हां, आईच्या तेलाच्या डब्यातला नव्हे. फक्त त्या पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या डब्याचा एकही स्क्रू उघडला नाही तिने. पिन काढली तरी आत करंट साठलेला राहतो म्हणे. बाहेरूनच फुंकला. एवढी दांडगी पोर, पण तिथे हात मागे. मला आवडलं ते.

चिप आणि त्या पट्ट्यांच्या मध्ये एक लेप असतो, तो वाळून पार भुकटी झाला होता. तो पुसायला तिला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपाइल हवं होतं. ताई म्हणाल्या, घरात स्पिरिट आहे की, इंजेक्शनचं. नाही! त्यात पाणी असतं. गेली बसने पासोड्या विठोबापाशी, तिथल्या गल्लीतून बाटली आणि नव्या लेपाची ट्यूब घेऊन आली. मटाराच्या दाण्याएवढा ठिपका ठेवला, वरून दाबला, बस्स. जास्त घातला तर बाहेर ओघळतो. रॅमची पट्टी तर खोडरबराने पुसली! तो पांढरा, शाळेतला. तिचे ते सोनेरी दात चमकायला लागले.

आता कीबोर्ड, सीपीयूबरोबरच आलेला. तुम्ही बँकेत पाहिला असेल, टीव्हीएस गोल्ड, तो टकटक वाजणारा. तिने आधी मोबाइलवर फोटो काढला, मग एकेक बटण उपटलं. आणि खालून काय काय निघालं म्हणून सांगू… पोहे. डाळं. शेंगदाण्याची सालं. आणि एन्टरच्या खाली अख्खं कढीपत्त्याचं पान! चिवडाच की हो पूर्ण! बटणं कोमट पाण्यात साबण घालून भिजवली, ताईंच्या पुरणाच्या चाळणीत निथळली. ताईंनी ती चाळणी आता वेगळी काढून ठेवली आहे, ते सोडा. बटणांखालच्या स्विचांना मात्र पाण्याचा थेंब नाही, तिथे कोरडा ब्रश आणि कापसाची काडी.

बाहेरच्या पत्र्याला ओलसर फडकं, आणि स्टिकरचा चिकटा काढायला खोबरेल तेल. चोळून ठेवायचं, थोड्या वेळाने खरवडलं की अलगद निघतो. एक स्टिकर मात्र तिने ठेवला. छोटा भीम, लाडू धरलेला. आणि त्याच्या बाजूला, मळ निघाल्यावर, कुंकवाचं स्वस्तिक दिसायला लागलं. आत तळाशी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि आपट्याचं एक पान. खंडेनवमीची पूजा हो! कुणीतरी दर वर्षी मनोभावे पुजलेला होता.

मला तिथेच शंका आली. पण मी काही बोलले नाही. मी कशाला बोलू?

तर सुरू केला. पहिल्यांदा बीप बीप, मग रॅम पुन्हा नीट बसवली, तर आला की स्क्रीनवर! तारीख दाखवतोय 1 जानेवारी 2012. आत ते चपटं सेल असतं ना, रुपयाच्या नाण्याएवढं, सीआर 2032, ते मेलं की घड्याळ मागे जातं. आणि ऐका, तारीख चुकली की बँकेच्या साइट उघडत नाहीत, ‘सुरक्षित नाही’ म्हणतात. आता आठवा, बी विंगचे भाऊजी वर्षभर कुणाशी भांडत होते? बँकेशी! मॅनेजरला मेलावर मेल. आणि गेलं काय होतं, तर एक सेल. पन्नास रुपयांच्या आतलं.

मग नवी एसएसडी घातली, मोठा खर्च तेवढाच. त्यावर लिनक्स मिंट चढवलं, ते फुकट असतं. आता ताईंच्या सासूबाई त्यावर मराठीत टाइप करतात. पहाटेपासून टकटक टकटक, माझ्या भिंतीला येतं ऐकू. काय लिहितात कोण जाणे. विचारलं तर नुसत्या हसतात.

हां, हळदीकुंकू. तेच तर सांगायचंय. वहिनींकडे सगळ्या जमलेल्या. वहिनी लॅपटॉपचं कौतुक सांगतायत, किती हलका, किती स्लिम. आणि ताई आपल्या सरळ स्वभावाच्या, त्यांच्या मनात काही नाही हो, त्या म्हणाल्या, ‘आमच्या पोरीने भंगारातून सीपीयू आणला, छान चालतो. आत आपट्याचं पान निघालं बघा. आणि छोट्या भीमाचा स्टिकर.’

वहिनींच्या हातात तिळगुळाचं ताट. तसंच राहिलं.

‘कुठला भीम?’

‘लाडू धरलेला,’ ताई म्हणाल्या. ‘एक कान फाटलाय त्याचा.’

अहो, तो कान त्यांच्या चिरंजीवांनीच फाडला होता, पाचवीत असताना! सगळ्यांना माहितीये तो किस्सा. कुणी ताटाकडे बघतंय, कुणी पंख्याकडे. मी तर वाणाची वाटी अशी उलटी-पालटी करून किंमत बघत बसले. तेवढ्यात ताईंनी कढीपत्ता काढला. वहिनी नेहमी काय म्हणतात? ‘आमच्याकडे टेबलाशी खायचं नाही म्हणजे नाही.’ स्वयंपाकघराच्या दारात भाऊजी उभे होते, ते आत गेले ते बाहेरच आले नाहीत. आणि वहिनी एकेकीच्या हातावर तिळगूळ ठेवतायत, ‘गोड बोला, गोड बोला’, आवाज असा… बसलेला.

पण खरं नाटक संध्याकाळी झालं. वहिनी तळमजल्यावर गेल्या. वाटी परत द्यायला म्हणे. अहो, ताईंची वाटी त्यांच्याकडे कधीच नव्हती! हळूच विचारतात पोरीला, ‘बेटा, त्यात डिस्क होती ना… त्यात काही होतं का गं?’ पोरीने शांतपणे सांगितलं, ‘काकू, मी उघडलीच नाही. दुसऱ्याचं असतं ते. सुरू झाला त्या दिवशीच सबंध पुसली.’ नुसतं डिलीट नाही हं. डिलीट केलेलं, घाईने फॉरमॅट केलेलंसुद्धा परत काढता येतं. हिने अख्ख्या पाचशे जीबीवर शून्यं लिहिली, दोन-अडीच तास लावून. आता कुणाच्या बापाला ते मिळायचं नाही.

वहिनींचा चेहरा आधी खुलला, ताई सांगत होत्या. हायसं वाटलं अगदी. चहा घेते म्हणाल्या. आणि मग एकदम कप खाली ठेवला. ‘अगं, पण त्यात मुंजीचे फोटो होते.’

दुसरीकडे कुठेच नाहीत. पेनड्राइव्ह नाही, काही नाही. मुंजीचा फोटोग्राफर केव्हाच दुकान विकून गेला. पोरगी बिचारी कावरीबावरी झाली, ‘काकू, मला माहिती असतं तर…’ आणि वहिनी, मी खरं सांगते, इथे मात्र मला त्यांचं वाईट वाटलं, एक शब्द बोलल्या नाहीत तिला. काय बोलणार? स्वतःच्या हाताने गाडीवर चढवलेला. नुसत्या त्या भीमावरून हात फिरवून आल्या.

भाऊजींना मात्र हे कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘गेलं ना सगळं? पुसलं ना पूर्ण? बरं झालं.’ आता मला सांगा, मुंजीचे फोटो गेल्यावर ‘बरं झालं’ कोण म्हणतं? काय होतं हो त्या डिस्कमध्ये? ताईंना विचारलं, त्या म्हणतात लेकीने बघितलंच नाही. लेकीला विचारलं तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच विषय बदलला. हल्लीची मुलं फारच सरळ असतात.

बरं, आता सी विंगमधून दोन सीपीयू आणि एक प्रिंटर तिच्या दारात येऊन पडलेत. रिपेअरवाला परवा कंपाउंडमध्ये दिसला तर वहिनींनी त्याला तिथूनच परत पाठवला. काय बोलल्या ते माझ्या कानावर आलंय, पण ते पुन्हा कधीतरी.

आणि हो, तुमच्या माळ्यावरही एक आहे ना, चादरीत गुंडाळलेला? असं काय बघताय, गृहशांतीच्या वेळी पाहिलाय मी. रविवारी खाली आणून ठेवा, पोर घरी असते. पण त्याआधी डिस्क तेवढी काढून घ्या, फोटो उतरवून ठेवा. एकट्याने जमत नसेल तर मला हाक मारा, मी येते बघायला.