छत्तीसचा आकडा, छत्तीस गुण

मॅशअप ऐकून ज्याला हसू येत नाही, त्याला एक तर गाणं कळत नाही किंवा फारच कळतं. आमचे शेजारी दुसऱ्या प्रकारातले. भाच्याने एका लावणीचा आवाज इंग्रजी रॉकच्या गिटारवर चढवला, तेव्हा ते "अनाचार!" म्हणाले आणि पायाने ठेका धरून बसले.

भाच्याचं काम वधूवर सूचक मंडळाचं आहे. लावणीच्या बाईंची पट्टी काळी चार, गिटारची पांढरी पाच. मग बाईंना अर्ध्या सुराने खाली आणायचं. लावणी मिनिटाला १०४ ठोक्यांची, गिटार १००ची. कोणीतरी नमतं घ्यायचं. जुळेपर्यंतचा गोंगाट ऐकवत नाही, आणि त्यात विनोदही नाही. तसला गोंगाट गणेशोत्सवात दोन मंडळांच्या मधल्या गल्लीत फुकट मिळतो. हसू फुटतं ते सम बरोबर सापडते तेव्हा. ज्यांचं एका खोलीत पटू नये, त्यांचा संसार चक्क सुखाचा निघतो!

२००१ साली फ्रीलान्स हेलरेझर नावाच्या इंग्रज डीजेने ख्रिस्तिना अॅगिलेराचं गुळगुळीत पॉप गाणं 'द स्ट्रोक्स'च्या खरखरीत गिटारवर बसवलं. गंमत म्हणून ऐकायला जावं, तर बाईंच्या आवाजात मूळ गाण्यात कधी न जाणवलेली व्याकुळता ऐकू येते. थट्टा करता करता गाणं सुंदर होऊन बसतं, हा या प्रकारातला खरा चावटपणा.

पुढे डेंजर माउस नावाच्या संगीत निर्मात्याने बीटल्सचा १९६८चा 'व्हाइट अल्बम' आणि जे-झीचा 'ब्लॅक अल्बम' एकत्र घोटून २००४ मध्ये 'ग्रे अल्बम' काढला. अर्धा विनोद नावातच. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीला मात्र तो कळला नाही. तिने नोटीस धाडली. त्यावर २४ फेब्रुवारीला कितीतरी संकेतस्थळांनी निषेध म्हणून तो अल्बम फुकट वाटला.

आपल्याकडे हा प्रकार कुठल्याही यंत्राविना चालतो. बहुतेक आरत्यांची चाल जवळपास एकच. तिसऱ्या आरतीपर्यंत कापराचा धूर आणि मोदकांचा वास डोक्यात गेलेला असतो. कोणीतरी खड्या आवाजाचे काका शंकराच्या कडव्यातून अलगद देवीच्या आरतीत उतरतात. निम्मी मंडळी त्यांच्या मागे, निम्मी कैलासावरच. टाळ वाजवणाऱ्याला पत्ताही नसतो, लय शाबूत असते. आणि मूळ मालक नवराबायकोच असल्याने नोटीसही येत नाही.