दौंडची लय, शिरूरचा सूर: गिटारवर वेग वाढवण्याची शास्त्रोक्त रीत

गिटार घरी आली की आठ दिवसांत वेग यावा, ही अपेक्षा शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत सारखीच आहे. साधनं मात्र सारखी नाहीत. म्हणून उमेदवाराने आधी आपला तालुका तपासावा.

दौंडकराकडे जंक्शन आहे. तेरा मीटरचे रूळ, दर सांध्याला एक ठोका. गाडी ताशी ७८ किलोमीटरने निघाली की मिनिटाला बरोबर १०० ठोके. असा मेट्रोनोम फुकट मिळायचा. पुढे रेल्वेने रूळ वेल्डिंग करून सलग केले आणि तालुक्याच्या संगीतशिक्षणाची अपरिमित हानी झाली. आता खडखडाट ऐकायचा तर यार्डातल्या सांध्यांवर, आणि तिथे गाडी रांगते. निराश होऊ नये. सुरुवातीला रांगणंच अपेक्षित आहे.

मोबाइलवर मेट्रोनोम ६० ला लावावा. एका ठोक्यात एक आघात, मग दोन, मग चार. पिक एकदा खाली, एकदा वर. मध्येच तार बदलली तरी हा क्रम मोडायचा नाही. रोज पुण्याला अप-डाऊन करणाऱ्या दौंडकरांना हे वेगळं शिकवावं लागू नये. तरी बहुतेक जण खाली-खालीच मारतात, कारण ते जोरकस वाटतं. पिक वर रिकामंच परततं आणि निम्मा वेग तिथेच वाया जातो.

शिरूरला रेल्वे नाही, पण डीपी आहे. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला गुणगुणतो. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ९८ हर्ट्झचा. म्हणजे डीपीखाली उभं राहून गिटार जुळवता येते, जराशी चढी. डीपी जळालेला असेल तर वायरमन येईपर्यंत बोटांचा भरपूर सराव होतो. थ्री फेज रात्रीची असेल तर मोटार चालू करायला जाताना गिटार नेऊ नये. उसात बिबटे आहेत, आणि नवशिक्याने पहिला श्रोता निवडताना सावध असावं.

पिक न वापरणाऱ्यांनी तारांची वाटणी आधीच करून घ्यावी. जाड तीन तारा अंगठ्याच्या. तिसरी तर्जनीची, दुसरी मध्यमेची, पहिली अनामिकेची. करंगळीचं नाव सातबाऱ्यावर नाही. बांध कोरायला तर्जनी सगळ्यात आधी निघते. तिला दुसऱ्या तारेवर पाय ठेवू देऊ नये. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, मध्यमा, तर्जनी हे आवर्तन शेजारी "अजून ट्यूनिंगच चाललंय का?" असं विचारेपर्यंत चालवावं. तेवढ्यात आत्या येईल आणि म्हणेल, "अरे, एखादं गाणं वाजव की."

"आत्या, हा व्यायाम आहे."

"मग बैठका काढ."

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

शिरूरहून न्हावऱ्यावरून खाली आलं की दौंड तालुक्यातलं चौफुला लागतं. तिथल्या संगीतबारीत ढोलकीवाल्याचा हात बघावा. ठेका दुगुणीत गेला तरी मात्रा जागची हलत नाही; त्याच मात्रेत दुप्पट बोल बसतात. मनगट ढिलं, चेहरा त्याहून ढिला. आपला उमेदवार नेमका उलटा. ८० ला तो दातओठ खातो, १०० ला त्याचे खांदे कानाला टेकतात, आणि पुढे वेग का वाढत नाही म्हणून गिटार बदलायला निघतो.

म्हणून नियम असा: सलग तीनदा स्वच्छ वाजलं तर चार ठोके वाढवावेत, एक जरी तार फसली तर चार कमी करावेत. हे जाचक वाटत असेल तर खुशाल १८० ला वाजवावं. चुकाही पाठ होतात आणि पुढे तितक्याच वेगात वाजतात.

गणपतीत मंडळ बोलावेल. डीजे बंद राहील, हे अध्यक्षांकडून आधी कबूल करून घ्या. आणि तारांचा एक जादा संच जवळ ठेवा: पहिली तार जेमतेम ०.३ मिलिमीटरची असते, तीच आधी तुटते.