रुमालाखालची गिटार

(रंगमंचावर प्लास्टिकची खुर्ची. बाजूला बंद कूलर. खुर्चीच्या पाठीवर लाल गमछा. पन्नाशीचा माणूस येतो. शर्ट खोचलेला, हात रिकामे. प्रेक्षकांकडे नीट पाहून घेतो.)

यवतमाळात राहत असाल तर एक सल्ला देतो. चारचौघांत कधी म्हणू नका, "मला जुनी यामाहा घ्यायची आहे."

मी म्हटलं. दत्त चौकात, चहा पिता पिता. संध्याकाळी दारापुढे आरएक्स हंड्रेडची रांग! एक जण म्हणतो, "सर, सायलेन्सर ओरिजिनल हाये." दुसऱ्यानं तर किक मारून गाडी पिळलीच. (आवाज काढतो.) वरच्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांना कानात मशीन लावूनही ऐकू येत नाही, ते गॅलरीत धावत आले. "कोणाची हो? शहाऐंशीची का?"

मी ओरडलो, "अरे बाबांनो, गिटार! यामाहाची गिटार!"

एक पोट्टा एकदम गंभीर झाला. "गिटार बी भेटून जाईल सर. पण तिचे पार्ट नाई भेटत."

(खुर्चीवर बसतो.)

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक. त्यामुळे मला एक गोष्ट दिसते जी त्या पोट्ट्यांना दिसत नाही. यामाहाचं ते गोल चिन्ह आठवा. आत तीन काटे. लोकांना वाटतं त्रिशूळ. महाशिवरात्रीला त्याला हळदकुंकू वाहणारा एक गृहस्थ आमच्या गल्लीत आहे. अहो, ते नादकाटे आहेत! आठवीच्या विज्ञानातले! रबरी पॅडवर आपटायचे आणि कानाशी न्यायचे, पोरं एकमेकांच्या दाताला लावतात, ते!

कारण ही कंपनी मुळात बाजाची. तोराकुसु यामाहा नावाचा माणूस. १८८७ साली हामामात्सु गावच्या शाळेतला ऑर्गन बिघडला, तो दुरुस्त करायला याला बोलावलं. यानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, असा तर मीच बनवतो. बनवला! मग एक सोबती घेतला, ऑर्गन कावडीला बांधला आणि हाकोनेचा घाट पायी ओलांडून तोक्योला नेला. अडीचशे किलोमीटर! तिथल्या जाणकारांनी वाजवून पाहिला आणि सांगितलं, "दिसायला छान आहे. सुरात नाही."

(थांबून) आपल्याकडे असं तोंडावर सांगायची पद्धत नाही. म्हणून तर वराती मांडवापर्यंत पोचतात.

बरं, तो माणूस चिडलाही नाही. तिथंच राहून सूर शिकला आणि परत येऊन दुसरा ऑर्गन बनवला. मोटारसायकल काढली थेट १९५५ साली. अडुसष्ट वर्षं आधी सूर, मग सायलेन्सर. आमच्या गल्लीत सायलेन्सर आहे, सूर यायचा आहे.

आता तुम्ही विचाराल, पन्नाशीत गिटार कशाला? 'यादों की बारात' पाहिलात? १९७३. पडद्यावर झीनत अमानच्या हातात गिटार, प्रत्यक्षात वाजवली भूपिंदर सिंगनं. मला आयुष्यात या दोघांपैकी एक व्हायचं होतं. (स्वतःकडे पाहतो.) म्हटलं, निदान तिसरी तरी घरी आणू. गिटार.

बायको म्हणाली, "नवी घ्या की. नवी मिळते ना?"

मिळते. पण नवी चांगली घ्यायची तर पगार उभा करावा लागतो. आणि स्वस्तात घ्यायची तर नावं वाचत बसावं लागतं. अमेरिकेत गिब्सन म्हणून मोठी कंपनी. आपल्या कलकत्त्यात मिळते गिव्हसन. ब गेला, व्ह आला, भाव खाली आला. जपान्यांनीही सुरुवातीला हेच केलं, फक्त इतकं नीट केलं की १९७७ साली गिब्सनवाले कोर्टात गेले. कशावरून? तर म्हणे आयबानेझ गिटारीच्या डोक्याचा आकार आमच्यासारखा आहे! आपल्याकडे बांधावरून खटले चालतात, तिथं डोक्यावरून. आणि गंमत म्हणजे खटला उभा राहीपर्यंत जपान्यांनी आकार बदलूनही टाकला होता. आपल्याकडे बांध सरकतो तो असाच, तारखेच्या आधी.

तर अशा या जुन्या जपानी गिटारी. चांगल्या आणि त्या मानानं स्वस्त. स्वस्त का? कारण त्यातल्या कितीतरी गिटारींचं पोट प्लायचं! एकसंध लाकूड नाही, थरावर थर चिकटवलेले. शौकीन लोक नाक मुरडतात. "प्लाय? छे, छे, आवाज खुलत नाही."

(उठून कूलरपाशी जातो.) मी म्हणतो, या इकडे. मे महिन्यात या. पंचेचाळीस डिग्रीत तुमचं ते एकसंध लाकूड इथं ठेवा. दुपारी सुकून आकसेल. संध्याकाळी आम्ही कूलर लावू, खस भिजवू, ते पाणी पिऊन फुगेल. सकाळी लाइट जाईल, पुन्हा आकसेल. जूनपर्यंत तुमच्या गिटारीला भेग पडली नाही तर मी नाव बदलीन. प्लाय मात्र तसंच! थर आडवे-उभे असतात ना, एकाला आकसायचं असतं तेव्हा दुसरा धरून ठेवतो. (प्रेक्षकांकडे) संसार आणखी कशाला म्हणतात?

तर ठरलं. प्लायचीच, जुनी, जपानी. आणि पत्ता लागला वणीला. कोळसा खाणीतले एक निवृत्त साहेब, मूळचे कलकत्त्याचे, गिटार विकणार होते. बायको म्हणाली, "एकटे जाऊ नका. तुम्हाला काही समजत नाही. मामांना न्या."

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. शेती आणि बेंजो पार्टी, दोन्ही सांभाळतात. गिटारीतलं त्यांना काही कळत नाही. त्यांना कळतात बैल. (गमछा खांद्यावर टाकतो. मामा होतो.) "कायचीबी खरेदी असू दे भाच्या, जनावर पाह्यल्याबिगर पैसे नाई काढायचे."

साहेबांच्या दारात मी आपला हिंदीत सुरू झालो. "दादा, नमस्कार, वो गिटार के लिए..."

साहेब म्हणाले, "काहून जी, मराठी येत नाई का तुम्हाले?"

माणूस आयुष्यभर वणीत राहिलेला! माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी.

गिटार बाहेर आली. मी आधी आत डोकावलो. गोल भोकातून लेबल दिसलं, लाल. निप्पॉन गक्की, म्हणजे यामाहाच! एफजी वन फिफ्टी! माझे हात थरथरले. ही गिटार निघाली १९६६ साली, आणि भाव होता पंधरा हजार येन, म्हणून नाव दीडशे. तिची मोठी बहीण एकशे ऐंशी, ती अठरा हजारांची. मामांना हे फार पटलं. "नावातच भाव! लपवालपवी नाई. आपल्या बियाण्याच्या पाकिटावर असं पाह्यजे."

मग मामांनी गिटार हातात घेतली आणि मला बाजूला केलं.

(खुर्ची आडवी धरून, एक डोळा मिटून पाहतो.) "मान सरळ हाये." बरोबर! गिटारीची मान अशीच बघतात, डोक्याकडून पोटाकडे. (हात फिरवतो.) "पोट फुगलं हाये थोडकं." तारा ओढून ओढून ब्रिजच्या मागं फुगतंच, जास्त फुगलं तर घेऊ नये, हे मी महिनाभर वाचत होतो, मामांनी एका हातात सांगितलं! (बोटानं मोजतो.) "दात झिजले, पण पहिले तीनच." म्हणजे पट्ट्या. फ्रेट. पहिल्या तीन झिजल्या, याचा अर्थ साहेबांनी आयुष्यभर सोप्याच कॉर्ड वाजवल्या. साहेब जरा लाजले. (वाकून) "आन् हे पाह्य, मान आंगाले जुळते तिथं वशिंड आलं." अहो, खरंच! तिथं उंचवटा येतो, आणि तारा वर जातात. बाराव्या पट्टीवर चार मिलिमीटर! अडीच असायला हवं. मामा म्हणाले, "तारेखालून उंदीर जाते जी. पिल्लं घेऊन जाते."

आता मान काढून पुन्हा बसवायची म्हटली तर तो खर्च गिटारीपेक्षा मोठा, आणि ते काम करणारा कारागीर पुण्या-मुंबईत. मला त्या पोट्ट्याचे पार्ट आठवले. पण खालचं हाडाचं खुंटकं घासून थोडं उतरवता येतं. ते आमचा सुतार करतो. त्याला फक्त सांगायचं नाही की ही गिटार आहे, नाहीतर वाजवायला बसतो.

साहेब मामांची बोटं पाहत होते. म्हणाले, "तुम्ही काय वाजवता जी?"

"बेंजो. वरातीत."

"टाइपरायटरवाणी बटनं असते तो?"

"हाव."

साहेब हसले. "तो बी जपानीच हाये."

(शांतता.) आणि साहेबांनी सांगितलं. १९१२ साली, नागोयात, मोरिता गोरो नावाच्या माणसानं टाइपरायटरची बटणं पाहून तारांवर बटणं बसवली. त्याच साली जपानात तैशो राजाची कारकीर्द सुरू झाली, म्हणून नाव तैशोगोतो. तो भारतात आला, कुठं बुलबुलतरंग झाला, आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला, तो हातगाडीवर चढला आणि बेंजो झाला.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग: "म्हंजे मी इतके वर्सं नवरदेवाच्या म्होरं जपान वाजवून राह्यलो?"

"हाव."

"आन् मले कोणी सांगतलं नाई!" मग माझ्याकडे वळून: "भाच्या, मंग तू जपानी वस्तू पाहाले वणीले कायले आला बे? घरी माळ्यावर तीन पडल्या हायेत!"

(गमछा काढून हातावर पसरतो.) आणि मग भाव. मामांनी गमछा टाकला साहेबांच्या हातावर आणि खालून बोटं धरली. बैलबाजाराची रीत! तोंडानं बोलायचं नाही, किती बोटं दाबली त्यावर आकडा. मी घाबरलो, म्हटलं साहेबांना वाटेल नाडी पाहतात. पण साहेबांनी डोळे मिटले आणि खालून दाबलं! मामांनी मान हलवली. साहेबांनी पुन्हा दाबलं. मामा म्हणाले, "नाई जमत." साहेब म्हणाले, "वशिंडासकट हाये ना जी." मी मध्ये म्हटलं, "अहो, किती?" दोघं माझ्यावर ओरडले, "चूप!"

गिटार माझी, पैसे माझे, आणि भाव फक्त त्या दोघांना ठाऊक! शेवटी मामा म्हणाले, "जमलं. काढ पैसे." म्हटलं, "किती काढू?" "तू काढत जाय, मी थांब म्हनतो."

साडेचार हजारांवर थांब आलं.

पट्टा नव्हता. मामांनी साहेबांच्या अंगणातली दोरी सोडून गिटारीला बांधली, कासऱ्यासारखी. म्हटलं, "मामा, लाज काढता का!" पण खरं सांगतो, १९६९ साली अमेरिकेत वुडस्टॉक झालं, एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या शेतात, लाखो माणसं. तिथं कंट्री जो मॅकडोनाल्ड नावाचा गायक ऐनवेळी एकटाच उभा राहिला. हातात मागून आणलेली गिटार. हीच, यामाहा, एफजी वन फिफ्टी. आणि पट्टा नव्हता म्हणून तिला बांधली होती दोरी! मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "शेतकऱ्याच्या वावरात दोरीच भेटन, भाच्या."

परतीची एसटी. मारेगावच्या पुढं कंडक्टर आला. गिटार सीटवर. "हिचं तिकीट?"

"अहो, सामान आहे."

"सीटवर बसली म्हंजे प्रवासी. वय किती?"

"पंचावन्नच्या पुढं."

त्यानं हिशेब केला. "पासष्टची असती तर अर्धं लागलं असतं. पंच्याहत्तरची असती तर फुकट. आधार आहे का?"

मामांनी गिटार उचलून त्याला भोकातलं लाल लेबल दाखवलं. कंडक्टरनं टॉर्च मारून वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "परदेशी नागरिक आहे. सवलत नाही." आणि करंजी येईपर्यंत ती मामांच्या मांडीवर होती, कंडक्टर बाजूला उभा आणि अख्खी एसटी 'झिंगाट'ची फर्माईश करत होती.

घरी बायकोनं पाहिलं. म्हणाली, "जुनी, परदेशी, आणि बिल नाही. मी आईचे जुने गोठ मोडू नका म्हणत होते तेव्हा काय म्हणाला होतात? 'जुन्या डिझाईनचं काय करायचं?'" (गप्प होतो. घाम पुसतो. कूलर लावतो. लाइट नाही.)

मी तारा जुळवायला शाळेतला नादकाटा आणला. तो २५६चा. गिटारीला लागतो ४४०चा. यामाहाच्या चिन्हात तीन काटे, माझ्या कपाटात एक, आणि उपयोगाचा एकही नाही. मामांनी बेंजो आणला, एक बटण दाबलं. "याच्यावर लाव." लावली. जपानवर जपान लावला.

मामा म्हणाले, "रविवारी नेरले वरात हाये. येतं का? काय काय येते तुले?"

म्हटलं, "मामा, तीनच कॉर्ड येतात. जी, सी आणि डी."

(गमछा डोक्याला बांधतो, खांद्यावर न दिसणारी दोरी ओढतो.) "बम झाल्या! नवरदेवाले तर एकच पाऊल येते, आन् त्याच्यावर तो दोन घंटे नाचते."

(जनरेटर सुरू झाल्याचा आवाज. तो वरातीच्या चालीत, हातातली नसलेली गिटार वाजवत, प्रेक्षकांतून निघून जातो.)